हरकत कोणाची, निवाडा कोणाचा?

नाव ही एक विलक्षण मालमत्ता आहे. ती आपली असते. परंतु तिचा वापर मात्र बहुतांशी दुसरेच करतात. नाव कोणाला चोरता येत नाही असे आपण मानतो, तरीही नावावरून भाऊबंदकी होते, दुकानांचे वाद होतात, गावे दुभंगतात. जमिनीच्या वादात निदान मोजणी करता येते. नावाच्या वादाला बांध नसतो, म्हणून तेथे निवाडा कसा करावा, हा प्रश्न अधिकच नाजूक होतो.

आपल्या जिल्ह्याने हा अनुभव अलीकडेच घेतला आहे. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून आलेले ‘उस्मानाबाद’ हे नाव बदलून ‘धाराशिव’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये घेतला. नव्या मंत्रिमंडळाने पुढच्याच महिन्यात त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारची संमती आली. शहराच्या नावाचा प्रश्न तेव्हा संपला. परंतु जिल्हा, तालुका, गाव या महसुली क्षेत्रांचे नाव बदलण्यासाठी आधी प्रारूप अधिसूचना काढून हरकती व सूचना मागवाव्या लागल्या. त्यांचा विचार झाल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

नाव कोणते योग्य, याचा ऊहापोह करण्याचे हे स्थळ नव्हे. जुन्या नावाशी काहींच्या आठवणी जडलेल्या आहेत, तर नव्या नावात काहींना आपल्या मातीची अधिक प्राचीन ओळख सापडते. आपल्या भागातील शेळी मात्र पशुपालकांच्या तोंडी आजही ‘उस्मानाबादी’च आहे! मला येथे वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. अशा कोणत्याही वादात एक बाजू जिंकते, एक हरते. हरलेल्याला आपले हरणे सोसता यावे, यासाठी काय लागते? निकाल आपल्या मनासारखा लागणे हे तर दोघांच्याही वाट्याला येणे शक्य नाही. मग उरते ती एकच गोष्ट: आपले म्हणणे खरोखर ऐकले गेले, ही खात्री. हरकत आवकेत नोंदवली जाणे वेगळे आणि ती ऐकली जाणे वेगळे. पहिल्या गोष्टीला शिक्का पुरतो, दुसरीला कान लागतात.

हाच प्रश्न आज एका नव्या क्षेत्रात, आपल्या तरुण मुलांच्या दाराशी येऊन उभा आहे. ते क्षेत्र म्हणजे संगणकाच्या महाजालावरील नावे, ज्यांना डोमेन नाव असे म्हणतात.

या नावांचा व्यवहार मोठा साधा आहे. एका गावात एकाच नावाची दहा माणसे सुखाने नांदू शकतात. महाजालावर मात्र एक पूर्ण नाव एकाच वेळी एकाच्याच मालकीचे असते. जो आधी येईल त्याला ते मिळते. त्यासाठी वर्षाला साधारणतः काही शे किंवा हजारभर रुपये पडतात आणि नोंदणी करताना तुमचा त्या नावावर हक्क आहे काय, असे कोणी विचारत नाही. या सोयीतूनच गैरसोय जन्माला आली. मोठ्या कंपन्यांची नावे आधीच नोंदवून ठेवावयाची आणि मग त्याच कंपन्यांना ती चढ्या भावाने विकावयाची, असा धंदा सुरू झाला. मुंबईच्या ‘रेडिफ’ कंपनीने तिच्या नावात एका अक्षराचा फरक करून ‘रॅडिफ’ असे नाव घेणाऱ्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि १९९९ साली न्यायालयाने रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला. पुढे २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून व्यापारातील ओळख आहे, आणि व्यापारचिन्हांप्रमाणेच तिलाही संरक्षण मिळू शकते.

परंतु न्यायालयात वर्षे जातात, आणि लबाड माणूस तर समुद्रापलीकडेही असू शकतो. म्हणून महाजालावरील नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेने १९९९ साली तक्रार निवारणाची एक समान पद्धत स्वीकारली. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: वादग्रस्त नाव आपल्या व्यापारचिन्हासारखे किंवा फसगत होण्याइतके जवळचे आहे, ज्याने ते घेतले त्याला त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले व वापरलेही. निवाडा लवाद करतात. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही, सारे कागदांवर. दंड नाही, नुकसानभरपाई नाही. फक्त नाव काढून घ्यावयाचे की नाही, एवढेच ठरते. आपल्या देशाच्या ‘डॉट इन’ या नावांसाठी ‘निक्सी’ या संस्थेने अशीच स्वतंत्र पद्धत घालून दिली आहे. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ अशी नावेही मिळू लागली, आणि मराठी माणसाला स्वतःच्या लिपीत पत्ता मिळण्याची सोय झाली.

या पद्धतीचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन म्हाताऱ्या माणसांची पुंजी लुबाडणारे आज थोडे नाहीत. अशा वेळी दहा वर्षांनी मिळालेला न्याय काय कामाचा? काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, न्यायालयाच्या मानाने कमी खर्चात निवाडा होणे ही उपकारक गोष्ट आहे. ज्याची खरोखर फसवणूक झाली त्याच्यासाठी विलंब ही दुसरी फसवणूकच असते.

असे असले तरी, वेग हा न्यायाचा गुण आहे. न्यायाची व्याख्या नव्हे. ही पद्धत न्याय्य आहे की नाही, हे पाहण्यासाठी बलवान तक्रारदाराच्या खुर्चीत बसून चालणार नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली आहे त्याच्या घोंगडीवर जाऊन बसले पाहिजे. समजा, भूम तालुक्यातील एखाद्या तरुणाने घरचा खवा विकण्यासाठी आपल्या आडनावाने एक संकेतस्थळ उघडले. तेच आडनाव एका बड्या कंपनीचेही आहे. एके दिवशी त्याच्या ई-मेलवर आणि नोंदणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर इंग्रजीत तक्रार येऊन पडते. उत्तरासाठी वीस दिवसांची मुदत. या तरुणाच्या जागी आपला मुलगा आहे असे धरून आपण तीन प्रश्न विचारू या.

पहिला प्रश्न: पंच कोणी निवडला? आयकॅनच्या पद्धतीत निवाडा करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था अनेक आहेत आणि त्यांपैकी कोणाकडे जावयाचे, हे तक्रारदार ठरवतो. शुल्कही सामान्यतः तोच भरतो. जिनिव्याच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादाचे शुल्क दीड हजार डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून अधिक आहे. प्रतिवादीला तीन लवाद हवे असतील तर चार हजार डॉलरपैकी निम्मा भार त्याने उचलावा लागतो. हजार रुपयांच्या नावासाठी दीड लाखाहून अधिक रुपये खवा विकणाऱ्याने कोठून आणावेत? कॅनडातील कायद्याचे प्राध्यापक मायकेल गाइस्ट यांनी २००१ साली या निवाड्यांचा अभ्यास केला. एकच लवाद असलेल्या प्रकरणांत सुमारे ८३ टक्के वेळा तक्रारदार जिंकले होते, तर तीन लवाद असलेल्या प्रकरणांत हेच प्रमाण सुमारे ६० टक्के होते. प्रकरणे सारखी नसतात, त्यामुळे एवढ्यावरून कोणावर पक्षपाताचा आरोप करणे योग्य होणार नाही. परंतु ज्या संस्थेचे काम तक्रारदाराच्या पसंतीवर चालते, तिच्याविषयी हरणाऱ्याच्या मनात शंका उरणारच. त्याच वर्षी माँट्रियलच्या ‘ईरेझोल्यूशन’ या संस्थेने हे काम सोडून दिले, आणि तेव्हाही या निवडीच्या पद्धतीवर बोट ठेवले गेले. या बाबतीत आपली ‘डॉट इन’ची पद्धत अधिक बरी म्हणावी लागेल. तेथे लवादाची नेमणूक निक्सी करते, तक्रारदार नव्हे.

दुसरा प्रश्न: बोलावणे पोहोचले का? आणि न बोलणे म्हणजे कबुली का? या वादांत पुष्कळदा प्रतिवादी उत्तरच देत नाही. त्यांतील काही लबाड असतात आणि गुपचूप पळ काढतात. परंतु काहींचा पत्ता बदललेला असतो, काहींना इंग्रजी कळत नाही, तर काही जण भीतीने गप्प बसतात. नियम असा की, उत्तर आले नाही तरी तिन्ही गोष्टी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावरच राहते. नियम न्याय्य आहे. परंतु एकाच बाजूचे कागद समोर असताना लवादाला दुसरी बाजू मनाशी उभी करावी लागते, आणि हे काम नियम करीत नाही, विवेक करतो.

तिसरा प्रश्न: खोट्या तक्रारीची किंमत कोण मोजतो? दुसऱ्याचे हक्काचे नाव बळकावण्यासाठीच तक्रार केली, असे आढळल्यास लवाद तसे निवाड्यात नमूद करू शकतो. परंतु ते केवळ शब्द. त्यासाठी दंड नाही. कमकुवत माणूस चुकला तर त्याचे नाव जाते. बलवान चुकला तर त्याच्यावर फक्त शेरा बसतो. तराजूची दोन्ही पारडी सारखी दिसली तरी दांडीत फरक राहून गेला आहे.

याचा अर्थ बलवानच नेहमी जिंकतो असा मात्र नव्हे. ‘स्टिंग’ या नावाने जगप्रसिद्ध असलेल्या इंग्रज गायकाने २००० साली त्या नावाच्या संकेतस्थळासाठी तक्रार केली होती. स्टिंग हा सामान्य इंग्रजी शब्द आहे आणि प्रतिवादी तेच टोपणनाव वापरत आला आहे, हे पाहून लवादाने गायकाची मागणी नाकारली. म्हणजे पद्धतीत न्यायाला जागा आहे. परंतु पुष्कळ जण त्या जागेपर्यंत पोहोचतच नाहीत. २०२४ मध्ये एका दिल्लीकर तरुणाची गोष्ट वर्तमानपत्रांतून गाजली. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येतील हा अंदाज बांधून त्याने ते जोडनाव आधीच घेऊन ठेवले होते, आणि त्याच्या बदल्यात परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला होता. एवढ्या मोठ्या कंपनीशी लढण्याचे आपल्यात बळ नाही, असे त्याने शेवटी जाहीर केले. माझ्या मते त्याची मागणी योग्य नव्हती. सुनावणी झाली असती तरी बहुधा तो हरला असता. तथापि, जो वाद न्यायाने मिटतो आणि जो भीतीने मिटतो, ते दोन्ही बाहेरून सारखेच शांत दिसतात. समाजाने त्या दोन शांततांत फरक करावयास शिकले पाहिजे.

याच इतिहासात आपल्यासारख्या वाचकांचे कुतूहल जागे करील असे एक प्रकरण आहे. ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात, म्हणजे संत पौलाच्या नावाच्या नगरात, ‘कोरिंथियन्स’ हा फुटबॉल संघ आहे. अमेरिकेतील एका गृहस्थाने ‘कोरिंथियन्स डॉट कॉम’ हे नाव घेतले होते. संघाच्या वतीने कायदेशीर पत्र आल्यानंतर त्याने त्या स्थळावर करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांतील वचने मांडली. लवादाला ती भक्ती संशयास्पद वाटली, आणि २००० साली नाव संघाच्या बाजूला देण्यात आले. गृहस्थ अमेरिकेच्या न्यायालयात गेला. डिसेंबर २००१ मध्ये बॉस्टन येथील अपील न्यायालयाने निर्णय दिला की, लवादाचा शब्द हा शेवटचा शब्द नव्हे. नाव गमावणारा माणूस न्यायालयाकडे नव्याने दाद मागू शकतो.

योगायोग असा की, न्यायालयाबाहेर तंटे मिटवावेत हा उपदेश संत पौलाने त्याच करिंथकरांना पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात केला आहे. भावाभावांतील तंटा सोडवील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, असा त्याचा सवाल आहे. लवादाच्या कल्पनेला याहून जुना आधार शोधण्याची गरज नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संत पौल शहाणा माणूस शोधावयास सांगतो. स्वस्त किंवा झटपट पंच नव्हे. शिवाय, अन्याय सोसून का घेत नाही, असेही तो विचारतो. हा प्रश्न त्याने बलवानालाही विचारला आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. सोसण्याचा उपदेश ज्याच्याकडे गमावण्यासारखे थोडेच आहे त्याच्या कानी नेहमी पडतो, आणि ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याच्यापर्यंत तो क्वचितच जातो.

कोणी म्हणेल, प्रतिवादीला इतक्या सवलती दिल्या तर लबाडांचे फावेल. आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. हानी तातडीने थांबवणे ही एक गोष्ट. हक्क कायमचा काढून घेणे ही दुसरी. पहिलीला वेग हवा, दुसरीला धीर हवा. आयकॅनच्या पद्धतीतही तक्रार येताच ते नाव गोठवले जाते, जेणेकरून वाद चालू असताना ते तिसऱ्याच्या हाती जाऊ नये. राजरोस फसवणूक चालू असेल तर न्यायालय तात्पुरती मनाई देऊ शकते. दार तातडीने बंद करावे. परंतु घर कोणाच्या नावावर करावयाचे, हे ठरवताना दोघांनाही बसवून घ्यावे.

आणि हे अशक्य नाही, कारण आपल्या खेड्यात ते शतकानुशतके नसले तरी कित्येक वर्षे घडत आले आहे. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी फेरफाराची नोंद घेतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार ती नोंद चावडीवर लावावी लागते आणि संबंधितांना नोटीसही द्यावी लागते. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली की ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, दोन्ही बाजूंची सुनावणी होते, आणि मगच नोंद मंजूर किंवा नामंजूर होते. त्यावर अपीलही करता येते. प्रत्यक्षात त्यात कुचराई होते, चकरा माराव्या लागतात, हे कोणाला ठाऊक नाही? तरीही मूळ कल्पना पाहा. नोंद करणारा एक, हरकतीवर निर्णय देणारा दुसरा. नोटीस चावडीवरही आणि हातातही. ज्या भाषेत माणूस शेत विकतो त्याच भाषेत ती नोटीस. जिनिव्याच्या विद्वानांनी जे साधावे असे आपण म्हणतो, त्याचा आराखडा आपल्या चावडीच्या भिंतीवर आहे.

कायदेपंडित ज्याला नैसर्गिक न्याय म्हणतात त्याची दोन सूत्रे आहेत: कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, आणि दुसरी बाजू ऐकल्याविना कोणालाही दोषी ठरवू नये. केंब्रिज विद्यापीठाने डॉ. बेंटली यांची बाजू न ऐकता त्यांच्या पदव्या काढून घेतल्या, तेव्हा १७२३ साली इंग्लंडच्या न्यायालयाने त्या परत देण्यास फर्मावले. त्या वेळी एका न्यायमूर्तींनी उत्पत्तीच्या पुस्तकातील एदेन बागेची आठवण करून दिली. देवाला सारे ठाऊक होते, तरीही शिक्षा देण्यापूर्वी त्याने आदामाला विचारले. सर्वज्ञाला जे टाळावेसे वाटले नाही, ते अल्पज्ञ पंचाने वेळ वाचवण्यासाठी टाळावे काय? आपल्याकडेही १९७८ साली मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, पारपत्र जप्त करावयाचे तर माणसाचे म्हणणे ऐकले पाहिजे. पारपत्र, पदवी, नाव. या तिन्हींत कागद थोडा आणि माणूस जास्त असतो.

हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही. घरात एक मूल दुसऱ्याची तक्रार घेऊन येते तेव्हा आपण काय करतो? शाळेत, सोसायटीत, बचत गटात, आपल्या धर्मग्रामाच्या समितीतही निनावी पत्र येते तेव्हा काय होते? पहिल्यांदा बोलणारा खरा वाटतो. नीट बोलणारा अधिक खरा वाटतो. आणि गप्प राहणारा गुन्हेगार ठरतो. ही तिन्ही अनुमाने आपण क्षणात करतो, आणि लवाद करतो तेव्हा मात्र त्याला नावे ठेवतो. तक्रार करण्याचा हक्क पवित्र आहे, कारण तो दुबळ्याचे हत्यार आहे. परंतु तेच हत्यार बलवानाच्या हाती गेले तर त्याची धार बदलत नाही, फक्त दिशा बदलते. म्हणून तक्रार ऐकणाऱ्याने तक्रारीइतकेच तक्रारदाराच्या बळाकडेही पाहावे, आणि ज्याचा आवाज क्षीण आहे त्याच्याजवळ आपली खुर्ची थोडी सरकवून घ्यावी.

आपली मुले आज ना उद्या महाजालावर आपले नाव घेऊन उभी राहणार आहेत. त्यांना दोन गोष्टी शिकवू या. दुसऱ्याच्या कष्टाने मोठे झालेले नाव विकून खाण्याचा मोह धरू नका. तो व्यापार दिसला तरी आतून उचलेगिरीच आहे. आणि आपल्या नावावर कोणी हरकत घेतली तर घाबरून गप्प बसू नका. मुदत पाहा, जाणकाराला विचारा, उत्तर द्या. ज्या दिवशी आपण पंचाच्या जागी बसू त्या दिवसासाठी तिसरी गोष्टही हवी: समोरची खुर्ची रिकामी असेल, तर ती का रिकामी आहे, एवढे विचारल्यावाचून कलम उचलू नये.